सीलबंद डब्यातली बुटकी सावली

आमच्या आजोबांकडे कपाटभर काडतुसं आहेत आणि पिस्तूल एकही नाही. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे जरा निरखून बघतात. पण इथे अमेरिकेत, मिझुरीत हायवेजवळच्या हॉटेलात दर वसंतात काडतुसांचं प्रदर्शन भरतं ना, तिथे सगळे असेच! पोस्टाची तिकिटं जमवावीत तशी पणजोबांच्या काळातली काडतुसं जमवणारे. यंदा आजोबांच्या टेबलावर मी होते. गळ्यात भिंग, मानेला ताठा.

सगळा वाद होता एका बुटक्या काडतुसावरून. पितळी, करंगळीच्या पेराएवढं, मान बाटलीसारखी आत दबलेली. काडतूस कुठल्या कारखान्याचं हे बुडावरच्या अक्षरांवरून ओळखतात, आणि ह्याचं बूड साफ कोरं. आजोबा म्हणायचे, ओहायोतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याने पिस्तुलासाठी करून पाहिलेला हा नमुना आहे, दुसरा कोणी पाहिलेला नाही. बाकीचे म्हणायचे, कोणीतरी रिकामटेकड्याने तळघरात ठोकून काढलंय. पहिलं खरं असेल तर किंमत सांगता येणार नाही इतकी. दुसरं खरं असेल तर भंगार.

"ऑरिन, अजून ते सोंग मांडतोस?" समोरच्या टेबलावरून लमार प्रुइट ओरडले. आजोबांचे जुने दोस्त, टोचण्यातही जुने. "दोन डॉलर देतो. किल्ल्यांच्या जुडग्याला लावीन."

"तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय, कुलूप लावायला?" आजोबा हसले. पण काडतूस उचलून शर्टाच्या खिशात टाकलं आणि हळूच मला म्हणाले, "पुढच्या वर्षी नाही आणायचं ह्याला, क्लेमी."

ते मला सहनच होईना. चुंबक लावून झालं होतं, भिंगाखाली कडा पाहून झाल्या होत्या. घरी तासल्याच्या खुणा नव्हत्या. पण खुणा नसणं म्हणजे काही पुरावा नव्हे.

प्रुइटांच्या टेबलावर ओहायोतल्या त्याच कारखान्याचा एक डबा होता. सरळ, उंच पिस्तुली काडतुसांचा, कागदी सील शाबूत. सीलबंद डबा आमच्यात कोणी उघडत नाही. उघडला की डब्याची किंमत जाते आणि उघडणाऱ्याची इज्जत. मी लाडीगोडी लावून तो दोन्ही हातांत घेतला, जरासा कलंडवला. आत काहीतरी टक् झालं.

"मिस्टर प्रुइट, हा वाजतो!"

"पुठ्ठा वाळलाय, पोरी. माझे गुडघेही वाजतात."

"गच्च भरलेला डबा वाजत नाही. आत एखादं आखूड आहे."

त्यांचा चेहराच उतरला. कोणी उघडून पुन्हा चिकटवला असेल तर? आता त्यांनाही चैन पडेना.

"माझ्या मावशीकडे एक्स-रे आहे," मी म्हटलं. "कुत्र्यांचा."

वर्ना मावशी जनावरांची डॉक्टर. आम्ही तिघं डबा घेऊन तिच्या दवाखान्यात गेलो, मोजा गिळलेल्या एका कुत्र्यानंतर आमचा नंबर लागला.

"काही उडालं तर तुझ्या आईला तू सांगायचंस हं!"

"एक्स-रेने उडत नाहीत गं, मावशी."

पडद्यावर दातांसारख्या ओळी उमटल्या, सगळ्या उंच, सरळ. आणि कोपऱ्यात एक बुटकी सावली. मान दबलेली.

मग मीच आजोबांच्या खिशातलं काडतूस काढलं. "मावशी, हे डब्याच्या शेजारी त्याच उंचीवर ठेवून परत फोटो काढ. नाहीतर सावली लहानमोठी होईल."

दुसऱ्या फोटोत दोन सावल्या. जुळ्या!

प्रुइटांनी माझं भिंग हिसकावून सील पाहिलं, चारही बाजूंनी, श्वास रोखून. "कागद कुठेच उचललेला नाही. हा कारखान्यातूनच असा निघालाय." आणि त्यांनी चक्क खिशातून चाकू काढला. "ऑरिन, उघडूया. त्याचंही बूड कोरं निघालं तर विषयच संपला."

"कापा! कापा ना!" मी किंचाळले.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. आजोबांनी चाकूवर हात ठेवला.

"मिट तो, लमार."

"मग तुझी खात्री कशी व्हायची?"

"माझी होतीच. तुझी व्हायची होती."

"झाली," प्रुइट पुटपुटले.

"मोठ्याने बोल. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं."

"झाली म्हटलं ना, म्हाताऱ्या!"

प्रदर्शनात परतल्यावर दुपारभर प्रुइट माणसांना बाही धरधरून आजोबांच्या टेबलाशी आणत होते, फोटो दाखवत होते, आणि शंका काढणाऱ्याच्या अंगावर धावून जात होते. एकाने किंमत विचारली. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. पण काडतूस टेबलाच्या मधोमध होतं.

मला मात्र एकच सुचत होतं. "आजोबा, ते त्या डब्यात टाकलं कोणी असेल? चुकून पडलं, की कोणी मुद्दाम?"

"तेच तर," आजोबा म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बस. तुला काय वाटतं?"