मनुबाईच्या परसातला दुधी

रेवदंड्याच्या खाडीपासून कोसभर आत मनुबाईचं गाव. तिच्या परसाचं नाव मात्र खाडीपलीकडेही पोचलेलं. वांगी, पडवळ, अळू, हळद, मिरची, सगळं घरचं. नवरा रावजी मुंबईला गोदीत कामाला होता. होळीला बोटीनं गावी आला की तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. तुपात चरबी घालतात, पिठात खडू मिसळतात, हळदीत पिवळी माती. ते ऐकून मनुबाईनं बाजाराचं नावच टाकलं. "विकतचं म्हंजे इख," असं ती विहिरीवर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायची आणि त्या मान डोलवायच्या.

त्या श्रावणात तिची गाय गाभण होऊन आटली होती, म्हणून दूध तेवढं बाहेरून येई. आळीच्या टोकाला राहणारी विधवा बायजा एका म्हशीवर पोट भरायची. तीच दूध घालायची.

सोमवार सोडायला मनुबाईनं शेजारच्या पाच-सहा बायका बोलावल्या होत्या. मांडवावरचा पहिला दुधी काढून तिनं गुळाची खीर केली. एरवी दुधी चिरला की देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, ही तिच्या आईची शिकवण. पण हा दुधी नैवेद्याच्या खिरीचा. देवाच्या आधी तो चाखायचा कसा?

बायका पानावर बसल्या. सून नलू दोन घास खाऊन थांबली.

"आत्याबाय, जरा कडवट लागतंय काय वो?"

"दिसभराचा उपास हाय, तोंड कडू व्हनारच. देवाचा परसाद हाय तो, पानात टाकू नको."

नलूनं मान खाली घालून खीर संपवली. प्रसाद म्हणून बाकीच्यांनीही पानं पुसून घेतली. मनुबाई वाढून शेवटी बसली, तेव्हा पातेलं रिकामं झालं होतं.

सकाळपर्यंत सगळ्याजणी आडव्या झाल्या. उलट्या, पोटात मुरडा. नलूचे तर प्राण कंठाशी आले. धडधाकट राहिली ती एकटी मनुबाई. आपल्या घरात काही वाईट असेल हे तिच्या मनाला शिवलंदेखील नाही. बायजा दूध घेऊन दारात आली, तशी मनुबाई ओट्यावरूनच कडाडली.

"काय घातलंस ग त्या दुधात? डबक्याचं पानी? माज्या लेकी-सुनांच्या जिवावर उठलीस!"

आळी गोळा झाली. बायजा म्हणाली, "मनुबाय, महादेवाची शपथ, धारेचं दूध हाय." मनुबाईनं तिच्या हातातली चरवी हिसकून दूध उकिरड्यावर ओतलं. त्या दिवसापासून बायजाचं दूध कुणी घेईना.

बायका हळूहळू बऱ्या झाल्या. नलू उठून बसू लागली. तिला मऊ भाजी द्यावी म्हणून मनुबाईनं त्याच वेलाचा दुसरा दुधी चिरला आणि सवयीनं चकती जिभेला लावली. कडू जहर! घशापर्यंत जाळ गेला. ती थुंकली, चूळ भरली, तरी जिभेचा कडूपणा जाईना. मग एकदम खिरीच्या पानावरचं नलूचं ते बोलणं आठवलं.

तिनं वेल उपटला. दुधी कोयत्यानं तोडून पुरायला खड्डा केला. वर पाहिलं, तर मागच्या दारात नलू उभी. खड्ड्याकडे बघत होती. मग आत वळली. मनुबाईला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक दुधी तिनं बाहेर ठेवला, बाकीचे पुरले.

तिन्हीसांजेला ती बायजाकडे गेली. बायजा दुधाची चरवी म्हशीच्या पारडापुढं धरून बसली होती.

"मानसं घेत न्हाईत," ती म्हणाली. "म्हून ह्याला पाजते."

मनुबाईनं खाली बघत सगळं सांगितलं. पाया पडायला वाकली, तशी बायजा मागं सरली.

"बोललीस चार बायकांत, मनुबाय. आनि हितं अंधारात एकटीला सांगून माज्या दुधाचं काय व्हनार?"

पुढच्या सोमवारी देवळात बायका जमल्या तेव्हा मनुबाई दुधी पदराखाली घेऊन गेली. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बायजाचं दूध चांगलं व्हतं. इख माज्या परसात व्हतं."

सखुबाई त्या खिरीनं दोन दिवस आजारी होती. तीच म्हणाली, "बघा, मन केवढं हिचं! दुसऱ्याचा दोष अंगावर घेते."

त्या कौतुकानं मनुबाईला जमीन फाटावी असं झालं. तिनं देवळातल्या विळीवर दुधी कापला आणि फोडी पुढं धरल्या. "चाखा. थुकायला पायरीवर जावा."

बायकांनी चाखलं, थुंकलं. बायजाचं दूध परत पाठवणाऱ्याही त्याच होत्या. एकेक जण तबक उचलून, दुसरीच्या नजरेला नजर न देता, निघून गेली.

बायजाची गिऱ्हाइकं परतली. मनुबाईच्या दारी मात्र बायजा कधी आली नाही. रोज नलूच तांब्या घेऊन जायची. भादव्यात नलू माहेरी गेली तेव्हा मनुबाईला स्वतः जावं लागलं. सगळ्या वाटेनं ती बोलायचे शब्द जुळवत होती. बायजानं विचारलं, "किती?"

"शेरभर," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

बायजानं मापून दूध ओतलं. "वर पान झाक. पाऊस हाय," एवढं बोलून ती गोठ्यात वळली. तांब्यावर पान धरून मनुबाई पावसातून घराकडे निघाली.