वापरताना सुटणारा वायू

कंपनीत तिला धूरबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे धूरबाई. बॉयलरवाले काका तेवढे तोंडावरही धूरबाईच म्हणत, आणि त्यांचं तिला बरं वाटे, कारण निदान लपवाछपवी नव्हती. कामच तसं होतं तिचं. औषधांचा एवढा मोठा कारखाना. त्यातून वर्षाकाठी किती धूर, किती वायू, किती घाण पाणी बाहेर पडतं ते मोजायचं आणि संगणकावरच्या एका लांबलचक तक्त्यात भरायचं. सकाळी आल्या आल्या ती फेरीला निघायची. बॉयलरने किती तेल खाल्लं, जनरेटरने किती डिझेल प्यायलं, थंड खोल्यांच्या यंत्रांत किती गॅस पुन्हा भरावा लागला. जेवढा भरला तेवढा गळला, साधं गणित. पण हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मेकॅनिक तिच्याकडे असा बघायला लागला, जशी काही हिनेच येऊन नळी कापलीय.

सहा वर्षं तक्त्यात चाळीस ओळी होत्या. चाळीस ओळींची बेरीज वर्षाला नऊ हजार टन. आणि नऊ हजार टन म्हणजे या धंद्यात अगदी गुणाची पोर! मोठ्या साहेबांनी त्यावर दोन पदकं घेतली होती. पदकं दारातल्या काचेच्या कपाटात होती, आणि कपाटाच्या वरच्या खिडकीतून काळी चिमणी दिसायची. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. पदकाकडे बघणारा माणूस मान वर करत नाही.

मग या वर्षी औषधं घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांनी अट घातली. नुसतं कारखान्यातलं सांगू नका, तुमचं औषध माणूस घरी वापरतो तेव्हा काय सुटतं तेही मोजा. तिने एकेचाळिसावी ओळ घातली आणि नाव दिलं, ‘वापरताना सुटणारा वायू’.

कंपनीचा मोठा धंदा दम्याच्या पंपाचा. खिशात मावेल एवढा पंप. दाबला की फस्सकन औषध तोंडात. पण औषध आपल्या पायाने जात नाही, त्याला एक वायू ढकलतो, आणि हा वायू साध्या धुरापेक्षा तेराशे पटीने हवा तापवतो. एका पंपात चमचाभरच असतो म्हणा. पण वर्षाला साठ लाख पंप. तिने गुणाकार केला. मग पुन्हा केला. तिसऱ्यांदा कागदावर केला, कारण संगणकावरचा विश्वासच उडाला होता. एकेचाळिसाव्या ओळीत एक लाख वीस हजार टन आले.

“मॅडम, शून्य जास्त पडलंय,” पर्यावरणाचे साहेब म्हणाले.

“नाही साहेब. तीनदा मोजलं.”

“अहो, पण आपल्या चिमणीतून एवढं निघतच नाही!”

“चिमणीतून नाही निघत. लोकांच्या तोंडातून निघतं.”

 सहा वर्षं ती ज्या चिमणीच्या मागे हात धुऊन लागली होती, ती चिमणी निघाली शंभरात सात. उरलेले त्र्याण्णव म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उशाशी. चोर म्हणून ज्याला धरावं तो किरकोळ आणि दरोडेखोर म्हणावं तर तो धापा टाकतोय. याला म्हणायचं तरी काय?

तिला हे नुसतं तक्त्यातून कळत नव्हतं, घरातूनही कळत होतं. तिचे सासरे, अण्णा, त्याच पंपावर जगत होते.

तीन आठवड्यांनी बैठक लागली. मोठे साहेब आधीच कुठल्याशा मंचावरून बोलून बसले होते, पाच वर्षांत निम्मं करू म्हणून. बोलताना नऊ हजाराचं निम्मं डोक्यात होतं. आता एक लाख एकोणतीस हजाराचं करायचं होतं. बॉयलर विझवला तरी भागत नव्हतं. हवा कमी तापवणारा नवा वायू आणायचा तर त्याच्या चाचण्यांनाच पाच वर्षं. मग राहिला तिसरा मार्ग. गॅसचा पंप बंदच करायचा आणि सगळ्यांना पुडीचा पंप द्यायचा. त्यात औषधाची बारीक पूड असते, वायू नाहीच. माणसाने आपल्या छातीने ती ओढून घ्यायची.

“औषध तेच, गुण तोच,” कंपनीचे डॉक्टर म्हणाले.

“पण ओढायला छातीत जोर लागतो ना?” तिने विचारलं.

“त्याचीच तर चाचणी आहे!” डॉक्टरांनी खोक्यातून प्लास्टिकच्या शिट्ट्या काढल्या आणि टेबलावर सरकवल्या. “फुंकायची नाही, आत ओढायची. जोर पुरेसा असेल तर वाजते. वाजली की समजायचं, या माणसाला पुडीचा पंप जमतो.”

सगळ्यांनी ओढून बघितल्या. विक्रीच्या साहेबांची वाजली. कायदेवाल्या बाईंची वाजली. मोठ्या साहेबांची वाजली तेव्हा टाळ्या पडल्या. बारा धडधाकट माणसं थंड खोलीत बसून शिट्ट्या वाजवत होती, आणि लाज अशी कुणालाच नव्हती. धूरबाईनेही ओढली. तिची सगळ्यांत जोरात वाजली. क्षणभर तिला अभिमान वाटला आणि लगेच तिने शिट्टी खाली ठेवली.

“आमच्या विक्रीच्या चौतीस पोरांची घेतली होती चाचणी,” डॉक्टर म्हणाले. “चौतीसच्या चौतीस वाजल्या.”

“म्हणजे शंभर टक्के,” पर्यावरणाचे साहेब म्हणाले. “मॅडम, एकेचाळिसाव्या ओळीसमोर लिहा. पुडीवर जाऊ शकणारे, शंभर टक्के. शुक्रवारी अहवाल द्यायचाय.”

तिने लिहिलं. एका रकान्यात शंभर टाकताच पाच वर्षांनंतरचे एक लाख वीस हजार टन पुसल्यासारखे गेले. निघताना तिने एक शिट्टी पर्समध्ये टाकली. का टाकली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

अण्णा दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली होती. अख्ख्या वस्तीचं दळण दळून दिलं आणि तेवढंच पीठ छातीत भरून घेतलं. आता बोलताना दर चार शब्दांनी थांबायचे.

“अण्णा, ही जरा आत ओढा बघू.”

“शिट्टी? कुणाला बोलवायचंय?”

“कुणाला नाही. ओढा तर.”

अण्णांनी ओठ आवळून ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नुसता वाऱ्याचा आवाज. तिसऱ्या वेळी डोळे बाहेर आले, खोकल्याची उबळ आली, आणि तिने धावत जाऊन पंप आणला. फस्स. फस्स. पाचेक मिनिटांनी माणूस जागेवर आला.

“मोडकी आणलीस,” अण्णा म्हणाले.

तिने ओढली. शिट्टी वाजली.

“असं होय.” अण्णा शिट्टीकडे बघत राहिले. “काय भानगड आहे? खरं सांग.”

तिने सांगितलं. वायूचं, पुडीचं, सगळंच. अण्णांनी मध्येच हात वर केला.

“थांब. म्हणजे जन्मभर पीठ ओढून छाती गेली, आणि आता औषध म्हणूनही पीठच ओढायचं?”

“तसंच काहीसं.”

“तुझ्या कंपनीत डोकं असलेला कुणी आहे का गं?” ते हसले आणि हसण्यानेच धाप लागली. “आणि या माझ्या पंपाने असा कितीसा धूर होतो?”

“एक पंप संपला की... गाडीने दीडशे किलोमीटर जावं तेवढा.”

“दीडशे!” अण्णा खुर्चीत सरळ झाले. “मला मोरीपर्यंत जाववत नाही, आणि मी दीडशे किलोमीटर जातो?”

ती हसली नाही. अण्णांनीही हसणं सोडलं.

“मग तुझं काय म्हणणं? बंद करावा?”

“तुमचा नको करायला.”

“माझा नको. साठ लाख म्हणालीस ना? त्यातला माझा तेवढा ठेवायचा आणि बाकीचे गेले उडत, होय?”

“तसं नाही हो अण्णा.”

“मग कसं?”

यंदा ऊन लवकर आलं होतं, आणि ऊन वाढलं की अण्णांची छाती जास्त भरायची. ऊन वाढायला वायू, वायू सोडायला पंप, पंप लागायला ऊन. वाटोळ्या विहिरीभोवती फिरावं तसं डोकं फिरत होतं आणि पाणी कुठेच नव्हतं. पंप ठेवावा तर चूक, काढावा तर पाप. तिने सहा वर्षं मोजमाप केलं ते या समजुतीवर की मोजलं की कळतं. मोजलं होतं. कळत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. “ही चाचणी एखाद्या तरी रुग्णावर केलीत का?”

“रुग्ण कुठून आणू एवढ्या घाईत? शुक्रवार तोंडावर आलाय.”

“पण पंप तर रुग्णांचा आहे.”

“मॅडम, तुम्ही धुराचं बघा.”

ती जागेवर आली. तक्ता उघडला. त्या रकान्यातले शंभर तिने खोडले आणि लिहिलं, ‘माहीत नाही’.

आकड्याच्या जागी अक्षरं पडल्यावर संगणक पिसाळला. एकेचाळिसावी ओळ लाल झाली, मग बेरीज लाल, मग पाच वर्षांचा आलेख मोडला, मग मोठ्या साहेबांच्या प्रस्तावनेतलं वाक्य, ‘पाच वर्षांत आम्ही त्र्याण्णव टक्क्यांनी खाली येऊ’, त्यातला आकडाच गायब झाला. अख्ख्या कंपनीचं भलेपण त्या एका रकान्याला टांगलेलं होतं.

पर्यावरणाचे साहेब तरातरा आले. “हे काय केलंत?”

“मला माहीत आहे तेवढं लिहिलं.”

“अहो, शंभर नको तर सत्तर टाका. साठ टाका. काहीतरी टाका!”

“कुठून आणू? घरी मी एकाला विचारलं. त्याची नाही वाजली. एकातला एक. माझ्या माहितीप्रमाणे शून्य टक्के होतात. लिहू शून्य?”

“तुमच्या घरचं दुखणं कंपनीच्या तक्त्यात आणू नका.”

“पंप घरातच वापरतात, साहेब. ती ओळच घरची आहे.”

साहेब बसले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. “आणि पंप चालू ठेवला तर?” ते हळूच म्हणाले. “वर्षाला एक लाख वीस हजार टन. तुम्हीच मोजलेत. ते कुणाच्या माथी मारायचे?”

 

साहेबांनी स्वतः रकान्यात शंभर टाकले. लाल सगळं काळं झालं, आलेख सरळ खाली उतरला. किती देखणा दिसत होता! खाली लिहिलेलं होतं, ‘आकडे तयार करणार’, आणि पुढे तिचं नाव.

“माझं नाव काढा.”

त्यांनी काढलं. आपलं घालायला बोटं ठेवली. दोन अक्षरं टाइप केली आणि थांबले. मग ती दोन अक्षरं पुसली आणि शंभरही पुसले.

“मलाही माहीत नाही हो,” ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

मोठे साहेब संतापले, व्हायचं ते झालं. पण बिननावाचा आकडा बाहेर पाठवायची छाती त्यांचीही नव्हती. ठरलं ते असं. पुडीची चाचणी खऱ्या रुग्णांवर होईल, छातीच्या दवाखान्यांत बसून, एकेकाला विचारून. तोवर, म्हणजे वर्षभर, पंप चालू. आणि त्या वर्षाचा वायू दर महिन्याच्या बैठकीत धूरबाईने सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचा. तिला मिळालेली शिक्षा म्हणा की काम म्हणा, दोन्हींत फरक उरला नव्हता.

संध्याकाळी ती घरी सांगायला म्हणून झपाझप आली. अण्णा खुर्चीत नव्हते. पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसले होते. ओठ निळसर. बरगड्यांमधली कातडी आत आत ओढली जात होती. पंप हातभर अंतरावर, झाकण लावलेला.

“अण्णा! घेतला नाही?”

त्यांनी मान हलवली.

“सकाळपासून?”

“काल... पासून,” अण्णा म्हणाले. मध्ये एवढी धाप, की दोन शब्दांत माणूस घामाने भिजला. “म्हटलं... थोडे किलोमीटर... वाचवावेत. तुझ्या तक्त्यात... तेवढंच कमी.”

असा राग तिला कुणाचाच आला नव्हता, ना डॉक्टरांचा, ना मोठ्या साहेबांचा. आणि तो नेमका कुणाचा आला होता तेही कळेना. सांगितलं कुणी होतं? तिनेच.

तिने झाकण उपटलं, पंप हलवला आणि त्यांच्या ओठांत धरला.

“ओढा.”

“आणि हे... मोजशील?”

“मोजीन. सगळं मोजीन. तुम्ही ओढा आधी!”

तिने दाबलं. फस्स. अण्णांनी जमेल तेवढं ओढून धरलं आणि सोडलं. तिने पुन्हा दाबलं.