खांद्यावरचे किरमिजी टाके

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. मला पांढरा म्हणायची पद्धत आहे, पण तो पांढरा रंग बघायचा तर आता मला उजेडात न्यावे लागेल. माझी चार बटणे एका जातीची आहेत आणि पाचवे कुणाच्या तरी रेनकोटाचे आहे. डाव्या खांद्यावर वीतभर लांबीचे किरमिजी टाके आहेत. पांढऱ्या कापडावर ते शोभत नाहीत हे मलाही कळते. तरीसुद्धा माझ्या अंगावरचे सर्वांत चांगले काय, असे कुणी विचारले, तर मी आधी तोच खांदा पुढे करीन.

माझी पहिली नोकरी ड्रमकॉरा गावच्या दूध डेअरीत झाली. फिंटन मार नावाचा उंच, मोजके बोलणारा माणूस मला घालून शेतकऱ्यांचे दूध तपासत असे. दुधात पाणी निघाले की तो तसे तोंडावर सांगे, आणि शेतकरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

"फिंटन, माझ्या गाई पावसात चरतात रे. त्याला मी काय करू?"

"गाई पावसात चरू देत," फिंटन म्हणे, "कॅन तेवढे झाकून ठेवत जा."

शिव्या शांतपणे कशा ऐकायच्या हे मी तिथे शिकलो. ते शिक्षण पुढे फार उपयोगी पडले. कारण फिंटन रविवारी हर्लिंगचा पंच होता, आणि आमच्याकडे पंच गोलाच्या खांबांशी उभे राहणारे आपले चार गोलपंच स्वतःच घेऊन येतो. भाऊ, मेहुणा, शेजारी, जो कुणी सुटीच्या दिवशी फुकट बोलणी खायला तयार असेल तो. डेअरीत नवे कोट आले तेव्हा फिंटनने आम्हा चार जुन्यांना घरी आणले, त्याच्या बायकोने इस्त्री केली, आणि आम्ही गोलपंचांचे कोट झालो.

हर्लिंग म्हणजे काय ते मी थोडक्यात सांगतो. पंधरा जण या गावाचे, पंधरा त्या गावाचे, प्रत्येकाच्या हातात लाकडी काठी, आणि लिंबाहून थोडा मोठा, दगडासारखा टणक चेंडू. दोन उंच खांबांमध्ये एक आडवी दांडी असते. दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण, आणि हिरवा झेंडा वर जातो. दांडीवरून गेला तर एक गुण आणि पांढरा झेंडा. पण चेंडू खांबाबाहेरून गेला तर? त्याला झेंडा नाही. तेव्हा गोलपंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. म्हणजे आनंदाच्या बातम्या झेंड्यांनी द्यायच्या आणि वाईट बातमी माझ्या बाह्यांनी. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट अभिमानच वाटला, कारण झेंडा कुणीही खुशीने उचलतो.

"कोट घातला की आपलं गाव काढून ठेवायचं," फिंटन प्रत्येक सामन्याआधी सांगे.

मैदानाच्या कडेला उभे असणारे लोक मात्र आपले गाव कधी काढून ठेवत नसत. माझ्या पाठीवर चिखल आला आहे, थर्मासमधला चहा आला आहे, अर्धे खाल्लेले हॅमचे सँडविच आले आहे. "अरे, डोळे घरी कपाटात ठेवून आलास काय?" हे तर नेहमीचेच. कधी कधी मैदानाभोवतीच्या तारेवरून माणूसच आत येई, आणि मग काठ्या चेंडू सोडून भलतीकडे चालत. एकदा एका गोलपंचाच्या कपाळाला तीन टाके पडले होते. एरवी हेच लोक एकमेकांचे गवत कापायला ट्रॅक्टर घेऊन धावत, मयताला रात्रभर बसत. पण सामन्याचा एक तास आला की त्यांच्या अंगात काय येई, देव जाणे.

या सर्वांत वरचा नंबर किलवारनच्या फिली डॉलिंगचा होता. ती गावचे पोस्ट ऑफिस सांभाळत असे. आवाज असा, की ती किलवारनमध्ये ओरडली तर पुढच्या गावातली कुत्री उत्तर देत. हातात नेहमी काळी छत्री, बदकाच्या डोक्याच्या मुठीची. ती छत्री मी पावसात उघडलेली फारशी पाहिली नाही. तिचे टोक मात्र माझ्या चांगले ओळखीचे होते.

१९८९ च्या सप्टेंबरात किलवारन आणि रॉसकेरा यांच्यात ज्युनिअर गटाचा अंतिम सामना लागला. किलवारन एकतीस वर्षे जिंकले नव्हते. फिलीचा मुलगा काहल पुढच्या फळीत खेळत होता. त्या दिवशी मी फिंटनच्या मेहुण्याच्या, मॉसीच्या अंगावर होतो. मध्यंतराच्या जरा आधी मॉसीने रॉसकेराच्या एका गुणाला पांढरा झेंडा उचलला. चेंडू आतूनच गेला होता, मी पाहिला होता. पण मागून तारेतून छत्री आली आणि मॉसीच्या कमरेत बसली. तो कळवळून गुडघ्यावर आला.

मग त्याने मला अंगातून काढले, तारेवर टांगले आणि म्हणाला, "फिंटन, तू माझ्या बहिणीचा नवरा आहेस म्हणून सात वर्षं उभा राहिलो. आता या बाईसमोर तूच उभा राहा. मी गाडीत बसतो."

फिंटन तारेजवळ आला.

"माझ्याकडे तीनच गोलपंच उरले," तो फिलीला म्हणाला. "चौथा मिळाला नाही तर सामना बंद. आणि का बंद झाला, ते मला रिपोर्टात लिहावं लागेल. मग कप रॉसकेराला जाईल."

किलवारनच्या शंभर-दीडशे माणसांनी फिलीकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

फिंटनने मला तारेवरून उचलून तिच्यापुढे धरले. "तुम्हाला तिथून एवढं स्वच्छ दिसतं ना बाई, मग खांबापाशी तर आणखी स्वच्छ दिसेल."

"मी? मी किलवारनची आहे."

"कोट घाला. मग नसाल."

रॉसकेराचा प्रशिक्षक हसला. "घालू दे तिला. निदान ती छत्री तरी आमच्या अंगावर येणार नाही."

फिलीने छत्री आपल्या धाकट्या दिराच्या, बार्टच्या हातात दिली आणि माझ्यात हात घातले. माझ्या बाह्या तिला लांब होत होत्या, त्या तिने दोनदा दुमडल्या. तोपर्यंत मी बायकांच्या अंगावर कधी गेलो नव्हतो. तिचे काळीज इतके धडधडत होते की माझे दुसरे बटण हलत होते.

उत्तरार्धात किलवारन तिच्याच खांबांकडे खेळत होते. तीन वेळा तिने पांढरा झेंडा उचलला आणि तीनही वेळा ते गुण खरे होते. दोन चेंडू इतके दूर गेले की कुणाला तक्रारच करता आली नाही. शेवटचे मिनिट आले. किलवारन एका गुणाने मागे होते. उजव्या कडेने काहल सुटला, त्याने एकाला चुकवले, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा मारला, आणि चाळीस पावलांवरून चेंडू उंच मारला. चेंडू हवेत असतानाच कडेचे लोक नाचायला लागले.

फिली खांबाला लागून, मान वर करून उभी होती. पलीकडचा गोलपंच मधल्या गर्दीमुळे काही पाहू शकला नाही. चेंडू तिच्या खांबाबाहेरून गेला. वीतभर. तो तिने पाहिला आणि मी पाहिला, बाकी कुणीच नाही.

तिचा उजवा हात झेंड्याच्या काठीवर होता. तो उचलला असता तर बरोबरी होती, पुन्हा सामना होता, आणि पोटच्या पोराला गावाने खांद्यावर घेतले असते. मित्रांनो, मी कोट आहे, मला हात नाहीत. ज्याचा हात आत असेल त्याच्या मर्जीने मी हलतो. त्या क्षणी मी नुसता वाट पाहत राहिलो. मग झेंड्याची काठी तिच्या मुठीतून सुटली आणि माझ्या दोन्ही बाह्या वर गेल्या. डोक्यावर त्यांची फुली झाली.

आवाज एकदम बंद पडला. फिंटनने शेवटची शिट्टी वाजवली, तेव्हा कुठे लोकांना कळले की आपण हरलो.

तारेवरून पहिला आला तो बार्ट. एका हातात तिचीच छत्री, दुसऱ्या हाताने त्याने मला खांद्याला धरले.

"आत होता तो, वहिनी. सांग आत होता म्हणून."

"बाहेर होता, बार्ट."

"पोटच्या पोराचा गुण खाल्लास तू."

त्याने असा हिसका दिला की माझा खांदा फाटला आणि फिली चिखलात पडली. त्याने छत्री उगारली. मागून आणखी दहा-बारा जण येत होते. तेवढ्यात काहल धावत आला आणि आपली काठी आडवी धरून दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"काका, मागे हो."

"तुझ्यासाठीच करतोय रे मी."

"मागे हो म्हटलं ना." काहल रडत होता. बार्ट छत्री हातात घेऊन तसाच निघून गेला.

संध्याकाळी फिलीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. घरात पांढरा दोरा सापडेना. काहलची जर्सी शिवायचे, किलवारनच्या रंगाचे किरमिजी रीळ तेवढे होते. तिने तेच ओवले. काहल समोर बसून चहात ब्रेड बुडवत होता, खात नव्हता.

"आई, खरंच बाहेर होता?"

"वीतभर."

"मला वाटलं आत गेला."

"मलाही तसंच वाटावं, अशी लई इच्छा होती रे," ती म्हणाली, आणि तिने दोरा दाताने तोडला.

मंगळवारी फिंटन मला न्यायला आला. कोट कुणी फाडला ते रिपोर्टात लिहावे लागेल, असे त्याने सांगितले. फिलीने माझी घडी घालून मला त्याच्या हातात दिले. मग तिने बार्टचे नाव सांगितले. बार्टला दोन वर्षे कुठल्याही मैदानात पाय ठेवायची बंदी झाली, आणि त्याने वहिनीशी बोलणे टाकले. गावानेही जवळजवळ टाकलेच. लोक पोस्टात येत, तिकीट घेत आणि जात. हवामानाबद्दलही कुणी बोलत नसे. आमच्या देशात हवामानाबद्दलसुद्धा कुणी बोलत नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते तुम्हीच ओळखा.

पण त्या मंगळवारी फिंटनने माझा खांदा पाहिला होता. किरमिजी टाक्यांवर बोट फिरवून तो म्हणाला होता, "हे उसवायला हवेत. कोटाला गाव नसतं."

"मग तुम्हीच उसवा," फिली म्हणाली.

त्याने उसवले नाहीत. उलट विचारले, "पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का?"

पुढची पंधरा वर्षे ती मला घालून खांबाशी उभी राहिली. जिल्ह्यातले एकही मैदान आम्ही सोडले नाही. चिखल आला, सँडविच आली, शिव्या तर किती आल्या. ती मागे वळून एवढेच म्हणे, "यापेक्षा चांगल्या शिव्या मी देत असे हो. जरा मेहनत घ्या." लोक हसत, आणि हसणाऱ्या माणसाच्या हातून दगड सुटत नाही. नंतर नंतर तर दोन्ही गावे फिंटनला आधीच विचारत, त्या टोकाला किरमिजी टाक्यांची बाई असेल ना? मी अनेक कोट पाहिले, पण ज्याच्या येण्याने दोन भांडकुदळ गावांना हायसे वाटते, असा कोट मी एकटाच. हा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मग फिंटन वारला. नवी चकचकीत जाकिटे आली. फिलीने मला किलवारनच्या कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला टांगले, आणि मी विसरला गेलो. कुणी माझ्याने बूट पुसले. एका हिवाळ्यात रेघा मारायच्या चुन्याच्या यंत्रावर मी पांघरूण म्हणून पडलो होतो. एक उंदीर माझ्या खिशात संसार थाटून गेला. त्या दिवसांचे फार सांगत नाही.

मला तिथून काढले ते काहलच्या मुलीने. ग्रॉन्या तिचे नाव, ती बारा वर्षांखालच्या मुलांना शिकवते. तिने मला धुतले, पाचवे बटण लावले आणि मैदानाच्या फाटकावर टांगले. नियम तिनेच केला. मुलांच्या सामन्यात जो कुणी घाणेरडे ओरडेल, त्याने कोट घालून दहा मिनिटे खांबाशी उभे राहायचे. पहिल्या वर्षी मी नऊ जणांच्या अंगावर गेलो, त्यात एक दंतवैद्य होता. गेल्या वर्षी दोघांच्याच.

यंदाच्या मे महिन्यात तिसरा मिळाला. एक म्हातारा आपल्या नातवासाठी पंचाला नको ते बोलला. पंच सोळा वर्षांची मुलगी होती. ग्रॉन्या मला घेऊन त्याच्याकडे गेली.

"घाला, आजोबा."

मला पाहताच तो म्हातारा पांढराफटक पडला. तो बार्ट होता. वय एकोणऐंशी. त्याने मुकाट्याने हात घातले. बटणे लावताना त्याची बोटे खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली. सहाव्या मिनिटाला त्याच्याच नातवाने चेंडू मारला, आणि तो खांबाबाहेरून गेला. बार्टने एकदा नातवाकडे पाहिले. मग माझ्या बाह्या हळूहळू वर गेल्या. उजवा हात त्याला नीट उचलता येत नाही, तरी फुली झाली.

तारेपलीकडे खुर्चीवर फिली बसली होती. दहा मिनिटे संपली तरी बार्ट तिथेच उभा राहिला. मग तारेजवळ गेला. चौतीस वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"टाके पक्के घातलेस, वहिनी."

"दोरा तेवढाच होता घरात."

तो जरा घुटमळला. "तुझी छत्री माझ्याकडे राहिली."

"ठाऊक आहे."

"उद्या आणून देतो."

"आण की," फिली म्हणाली. "पावसाला लागते."

मित्रांनो, आपल्या गावासाठी ओरडा, पोटभर ओरडा, त्याशिवाय खेळाला मजा नाही. पण खांबाशी उभ्या असलेल्या माणसाला जिभेने किंवा हाताने फाडावेसे वाटले, तर आधी एकदा माझ्या बाह्यांत हात घालून बघा. मी फाटकावरच असतो. बटणे जपून लावा, पाचवे जरा सैल आहे. आणि चिखल लागला तर मला थंड पाण्यातच धुवा. कढत पाण्यात किरमिजी दोऱ्याचा रंग जातो, आणि तो मला अजून पुष्कळ वर्षे हवा आहे.