खारट नसलेली वाळू

मी चार जाड चाकांची, बिनछपराची, बिनदाराची गाडी बोलतेय. शहरातली माणसं मला एटीव्ही म्हणतात, करमाडकडची पोरं खेकडागाडी म्हणतात. मला पोरांनी दिलेलं नाव जास्त आवडतं. जन्म माझा कारखान्यातला असला, तरी जग मला कळलं ते खेकड्यांच्या शेजारी, कोकणातल्या एका किनाऱ्यावर.

तिथं सुटीला आलेली माणसं माझ्यावर बसून वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारायची. बसताना जो तो म्हणायचा, "मला येतं!" ज्याला अजिबात येत नसे, तो सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. कोणी मला हात लावला की मी आधी त्याचा हात बघते, बोलणं नंतर ऐकते.

समुद्राने मला एक गोष्ट चांगली शिकवली, ती म्हणजे मीठ. खारी हवा नटबोल्टांत शिरते आणि आतून खात राहते. रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्याने धुवायचे, तरी गंज चढायचाच. शेवटी माझा खालचा पत्रा चाळणीसारखा झाला आणि मालकाने मला विकून टाकलं.

ट्रकवर चढून मी छत्रपती संभाजीनगरला आले. क्रांती चौकात सिग्नलला ट्रक थांबला, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं.

"क्या उस्ताद, ये कायकी गाडी है?"

"समुंदर की रेती पे चलती," आमचा ड्रायव्हर म्हणाला.

"इधर नल को पानी आठ दिन से आता, और तुम समुंदर लेके जा रै?"

दोघे हसले. मी हसले नाही. मला तिथंच शंका आली होती.

करमाडच्या पुढे, जालना रोडवरून आत वळल्यावर, शिवराज नावाच्या माणसाने खरोखरच एक समुद्र उभा केला होता. नाव 'सातसमुद्र'. मोटारीवर लाटा उठवणारं मोठं टाकं, झाडांत लपवलेल्या भोंग्यांतून येणारा पक्ष्यांचा आवाज, आणि मागे माणसाहून उंच वाळूच्या टेकड्या. फाटकावर पाटी होती, 'कोकणची अस्सल वाळू'. शहरातली कुटुंबं दोन दिवसांची सुटी काढून यायची, टोप्या घालून टाक्याकाठी आडवी व्हायची. "गोव्याला कशाला जायचं, उगाच?" असं एकमेकांना सांगायची. मग माझ्यावर बसायची. "मला येतं!"

पहिल्या दिवशी त्या टेकडीवर चढले आणि माझी चाकं अडखळली. ही वाळू माझ्या ओळखीची नव्हती. दाणा भरड होता. शिंपल्याचा चुरा कुठेच नव्हता. दिवस गेले, पावसाळाही गेला, पण माझा गंज होता तेवढाच राहिला, पुढे सरकला नाही. त्यातून अधूनमधून चाकाला काहीतरी बारीक टोचायचं. काच होती ती. हिरवी, लाल, कधी निळी. समुद्राची वाळू खारट नाही, असं कधी होतं का? पण मला विचारतंय कोण?

मला चालवायला एक तरुण होता, सत्यम. जवळच्याच गावचा. हात हलका, ब्रेक दाबायची घाई नाही. त्याच्यावर मात्र मला संशय घेता आला नाही. संशय घेणारे त्याच्या घरीच होते.

त्याचे वडील कडूबा म्हणजे नदीच्या वाळूसाठी ट्रॅक्टरपुढे आडवा झालेला माणूस. गावच्या नदीतून वाळू उपसून नेणाऱ्यांनी पात्राची हाडं उघडी पाडली होती, काठावरच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. कडूबा उठले, चाकांपुढे झोपले. तेव्हापासून त्या घरात 'वाळूची गाडी' हे शब्द शिवीसारखे झाले. आणि सत्यमने नेमके तेच शब्द फोनवर उच्चारले. माझ्याच सीटवर बसून बोलत होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"काय रं, कोण्या कामाला लागलास?" फोनमधून खरखरीत आवाज आला.

"वाळूवरच्या गाडीवर, आबा."

"वाळूच्या गाडीवर? माह्या पोटचा पोरगा?"

"वाळूच्या नाय आबा, वाळूवरच्या! ही वाळू वाहत नाय, वाळूवर पळती."

"आन ती वाळू तिथं काय पायी चालत आली का?"

"कोकणची हाय. समुद्राची. मालकानं सांगितलंय. आईची आण घेऊन सांगतो."

"आईला मधी घेऊ नको. मी येऊन बघतो. खोटं निघालं तर माह्या दारात पाय ठिवू नको."

फोन बंद झाला. सत्यम कितीतरी वेळ माझ्या हँडलवरचं रबर नखाने कुरतडत बसला. मला त्याला सांगायचं होतं, बाळा, आण घ्यायच्या आधी वाळू चाखून तरी बघायची होतीस.

पुढच्या रविवारी कडूबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. मागे सत्यमची आई वच्छलाबाई. फाटकातून आत येतानाच कडूबांनी पाटी, पहारेकरी, नारळाची झाडं, सगळ्यांकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

"हा व्हय तुमचा समुद्र? हा तर हौद हाय."

"लाटा येतेत आबा त्याच्यात."

"मोटार लावली की माह्या हिरीतबी येतील."

मग ते थेट टेकडीपाशी आले, वाकले, चिमूटभर वाळू उचलली आणि जिभेवर ठेवली. आजूबाजूची माणसं बघतच राहिली. माझा श्वास, म्हणजे जे काही गाडीला असतं ते, थांबलं.

"मीठ नाय," ते थुंकून म्हणाले.

शिवराज पांढरे बूट घालून समोरच उभा होता. तो घाबरला नाही. उलट हात जोडून हसला. "बाबा, वाळू धुऊन आणलीय. मीठ राहिलं तर गाड्या गंजतात. विचारा तुमच्या मुलाला."

सत्यमने माझा खालचा पत्रा कितीदा तरी पुसला होता. तो लगेच म्हणाला, "व्हय आबा, गंजतेत. हिचा पत्रा बघा की खालून."

कडूबांनी काठी टेकवून वाकून माझ्या खाली पाहिलं. माझा गंज खरा होता, तो दाखवून शिवराज खोटं पटवत होता. समुद्र कडूबांनी जन्मात पाहिलेला नव्हता. वाळूतलं मीठ धुतलं तर शिंपलेही धुवून जातात का, हे त्यांना विचारता आलं नाही. मला आलं असतं, पण माझ्याजवळ फक्त हॉर्न होता.

"आता बसा तरी एकदा," सत्यम म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

कडूबा नको नको म्हणत बसले. मुलाच्या मागे, कंबर घट्ट धरून. आम्ही चढ चढलो. "हळू रे, हळू! हात सोडू नको लेका!" उतरताना त्यांच्या तोंडून एक बारीकसा हसण्याचा आवाज निघाला आणि त्यांनी तो लगेच खोकल्यात लपवला. सत्यमने तो ऐकला. मीही ऐकला. मला वाटलं, संपला संशय. कशाला कोणी आता खोदत बसायचं?

खाली छत्रीच्या सावलीत वच्छलाबाई बसल्या होत्या. शेजारी शहरातून आलेली करुणा नावाची तरुणी लेकीच्या गळ्यात माळ घालत होती. इथल्या वाळूत सापडणारे काचेचे तुकडे दोऱ्यात गुंफून माळा करायची टूम पाहुण्यांत निघाली होती.

"किती गोड ना, काकू?" करुणा म्हणाली. "समुद्र काच घासून घासून गुळगुळीत करतो. हे बघा, हिच्यावर सोनेरी ठिपकेही आहेत."

वच्छलाबाईंनी तिच्याजवळची दुसरी माळ तळहातावर घेतली. एकेक तुकडा बोटाने फिरवून पाहिला. प्रत्येक तुकडा किंचित वाकडा होता, सगळे एकाच गोलाईत वाकलेले. त्यांनी एक तुकडा आपल्या मनगटाला लावला. तो तिथं चपखल बसला.

"बाई," त्या हळू बोलल्या, "लेकराच्या गळ्यातनं काढा हे."

"का हो? काय झालं?"

"ह्या बांगड्या हायेत."

मग त्या उठल्या, टेकडीच्या पायथ्याशी बसल्या आणि दोन्ही हातांनी उकरू लागल्या. आम्ही तेवढ्यात खाली पोचलो होतो. त्यांच्या ओंजळीत हिरवे, लाल तुकडे आले, आणि त्यांच्यासोबत काळे मणी. मंगळसूत्राचे.

"आमच्यात माणूस गेला की दहाव्याला बाईला नदीवर नेतेत," त्या करुणाला सांगू लागल्या. आवाज चढला नाही. "दगडावर हात ठिवायचा आन बांगड्या फोडायच्या. मणी तोडायचे. माही जाऊ लक्ष्मी, तिच्या हातात हिरव्यावर सोनेरी टिकल्यांच्या होत्या. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, हळू फोडा, मला लई आवडायच्या ह्या."

करुणाने लेकीच्या गळ्यातली माळ काढली.

शिवराज पुढे झाला. "मावशी, बांगड्या काय समुद्रात सापडत नाहीत? कोकणातही बायका राहतातच की."

"राहतेत की. मग तिथं समुद्र तुकडे ठिवील व्हय एका जागी? ह्यो घाट हाय, दादा. आमच्या घाटाचा घाट उचलून आणलाय तुम्ही."

एकेक बाई उठली. कुणी पोरीच्या गळ्यातून, कुणी स्वतःच्या मनगटावरून काढलेल्या माळा वच्छलाबाईंच्या पदरात टाकू लागली. पदर जड झाला.

"ओ मावशी," शिवराजचा आवाज बदलला, "इथलं काही बाहेर न्यायचं नाही. चोरीची तक्रार करीन."

कडूबा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. पण ते हसू मुलाकडे वळताना विझलं.

"तुला ठाव होतं?"

"नव्हतं, आबा."

"मी कसं मानू?"

"त्याला ठाव असतं तर त्यानं माही आण घेतली नसती," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तू आई हाईस. तू मानशीलच."

बोलून काही होणार नव्हतं, हे सत्यमला कळलं असावं. तेवढ्यात शिवराज बाजूला जाऊन फोनवर कुणाला तरी सांगत होता, "जेसीबी घेऊन ये, आत्ताच्या आत्ता. कोणी यायच्या आधी सगळी हलवायची." ते सत्यमनेही ऐकलं आणि मीही.

तो माझ्यावर बसला. इतक्या जोरात त्याने मला कधीच पळवलं नव्हतं. टेकड्यांकडे यायला एकच अरुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना दगडी भिंत. त्या रस्त्यात त्याने मला आडवी उभी केली, चावी काढली आणि माझ्यापुढे जमिनीवर आडवा झाला.

जेसीबी आला. भोंगा वाजवला. शिवराज ओरडला, "ए, उठतो का घालू अंगावर?" सत्यम उठला नाही. त्या यंत्राचा दात माझ्या हँडलला लागला, माझा आरसा फुटला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

मग काठीचा आवाज आला. कडूबा येऊन उभे राहिले. पडलेल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं, काठी बाजूला ठेवली आणि गुडघे धरत धरत त्याच्या शेजारी आडवे झाले.

"सरक थोडा," ते म्हणाले. "दगड टोचतोय."

करुणाने आणि इतर पाहुण्यांनी फोन लावले. सरकारी माणसं आली. टेकड्या मोजल्या गेल्या, त्यांच्याभोवती दोरी बांधून सील लागलं. ही वाळू परत नदीत नेऊन टाकायची का, आणि कधी, याचा निकाल अजून लागायचा आहे. मी तिथंच आहे, त्या रस्त्यात, फुटक्या आरशाची. टायर बसलेत. सीटच्या फाटक्या कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलाय.

निकालाआधी वाळू गायब होईल, याची कडूबांना खात्री आहे. म्हणून ते रोज येतात आणि माझ्या सीटवर बसून टेकड्या राखतात. पहारेकऱ्यावर त्यांचा विश्वास नाही, सरकारी सीलवर नाही, माझ्यावरही नसेल. सत्यम आता गॅरेजात काम करतो. दुपारी भाकरी घेऊन येतो. सुरुवातीला बाप जेवायचा तोही टेकडीकडे तोंड करून, पोराला एकट्याला तिथं न सोडता.

काल कडूबांनी डबा उघडला नाही. उठले, टोपी झटकली.

"तुही आई म्हणती घरी येऊन गरम खा. मी जाऊन येतो." दोन पावलं गेले आणि मागे न बघता म्हणाले, "तू थांब हितं. तू असल्यावर मला घोर नाय."

सत्यम माझ्यावर बसला. टेकडीकडे तोंड करून, पाठ ताठ.

तुम्ही सुटीत कुठल्या तरी किनाऱ्यावर जाल, माझ्यासारखीच एखादी दिसेल, "मला येतं" म्हणत तिच्यावर बसाल. बसा, तिला आनंदच होईल. पण आधी खाली वाकून चिमूटभर वाळू हातात घ्या आणि ती कुठून आली, हे विचारा. उत्तर लगेच, हसत हसत मिळालं, तर पुन्हा विचारा. मला मात्र आता चालू करू नका. माझ्या चाकांखाली कुणाच्या तरी आवडीच्या बांगड्या आहेत.