दहा कुळांचा वाद

अर्धवट शिवलेला कोट शिंप्याने मशीनवरून बाजूला सारला, कापड बेतायच्या टेबलावर जाड ग्रंथ उघडला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला बजावलं, "नाही येणार ती."

ती म्हणजे इस्राएलची दहा कुळं. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्या राजाने त्यांना त्यांच्या भूमीतून उचलून नेलं, ती परत कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. देवाने त्यांना दुसऱ्या देशात टाकलं, 'जसा आजचा दिवस', एवढंच धर्मग्रंथातलं वचन सांगतं. या तीन शब्दांवर यहुदी गुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या डोकेफोड केली. एक म्हणतो, गेलेला दिवस परत येत नाही, तशी तीही येणार नाहीत. दुसरा म्हणतो, दिवस मावळतो तसा उजाडतोही. तारणहार मसीहा येईल तेव्हा त्यांच्यासाठीही उजाडेल.

दर गुरुवारी दुपारी दुकानाचं दार लोटून शिंपी आणि त्याचा मित्र चष्मेवाला या टेबलाशी समोरासमोर बसत. ग्रंथ जोडीने वाचायचा आणि एकाने म्हटलेलं दुसऱ्याने खोडून काढायचं, ही रीतच. इतर विषयांत दोघे सोयीने बाजू बदलत. इथे मात्र कधीच नाही. शिंपी 'नाही' म्हणे, चष्मेवाला 'येतील'.

"मसीहा त्यांना ओळखणार कसा?" शिंपी टोमणा मारी. "इतक्या वर्षांत तोंडं बदलली असतील."

"म्हणून तर चष्म्यांचं दुकान टाकलंय मी," चष्मेवाला म्हणे.

शिंप्याच्या हट्टाचं मूळ काही ग्रंथात नव्हतं. एकुलत्या एक लेकीने धर्माबाहेर लग्न केलं, तेव्हा त्याने स्वतः शिवलेला सदरा छातीवर फाडला, सात दिवस जमिनीवर बसून जिवंत मुलीचं सुतक पाळलं आणि तिचं नाव काढायला सगळ्यांना बंदी केली. चष्मेवाल्याने ती बंदी एकदाही मोडली नाही. पुढे शिंप्याची बायको गेली आणि बोलायला चष्मेवाला एकटाच उरला.

गेल्या महिन्यात तोही गेला, झोपेतच. तेव्हापासून शिंपी गिऱ्हाइकांशी मापापुरतं बोले, घरी तेवढंही नाही.

आज गुरुवारी त्याने हिय्या करून ग्रंथ काढला होता. पण खोडणारा नसला की म्हणणंही लंगडं पडतं. "नाही येणार," तो पुन्हा म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला नकोसा झाला. शेवटी तो उठला, टेबलाला वळसा घालून चष्मेवाल्याच्या खुर्चीत बसला. मित्राची बाजू निदान प्रामाणिकपणे मांडावी.

"देवाने संदेष्ट्याला काय सांगितलं?" त्याने सुरुवात केली. "दोन काठ्या घे. एक यहूदाची, म्हणजे मागे उरलेल्यांची, एक हरवलेल्यांची. दोन्ही एका हातात धर, त्या एकच होतील."

इथवर आलं की चष्मेवाला मान वर करी. शिंप्यानेही केली.

या खुर्चीतून दुकानाची काच समोर येत होती. रस्त्यापलीकडे बसथांबा होता. तिथे केस पिकायला लागलेली एक बाई पिशवी घेऊन उभी होती. बस आली, माणसं चढली, बस गेली. बाई तिथेच, दुकानाकडे बघत. एका पायावर भार टाकून उभं राहायची ढब थेट तिच्या आईची.

शिंप्याचे हात ग्रंथावर तसेच राहिले. चष्मेवाला 'येतील' म्हणायचा, तो शिंप्याच्या खांद्यावरून बाहेर पाहत. इतकी वर्षं.

तो रस्ता ओलांडून गेला. नाव घ्यायला गेला, पण सवय मोडलेली जीभ वळेना.

"बस गेली तुझी," तो म्हणाला.

"मला कुठे जायचं नव्हतं." तिने त्याच्या मागे दुकानाकडे पाहिलं. "काका दिसले नाहीत कितीतरी दिवसांत. मला बघून मान हलवायचे."

"गेला तो. महिना झाला."

तिने पिशवी खाली ठेवली आणि तळहाताने तोंड झाकलं. तिला जवळ घ्यावं असं शिंप्याला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

"दर गुरुवारी यायचीस?"

"जमेल तेव्हा." तिने डोळे पुसले. "मला तुमची पाठच दिसायची, बाबा. फार वाकलीय हो."

शिंप्याने ताठ उभं राहून पाहिलं. जमलं नाही.