संत्रं सोलणारा हात

आमच्या घरात संत्रं मीच सोलते, लग्न झालं तेव्हापासून. माझा नवरा फेर्मीन गिटार वाजवतो, आणि गिटारवाल्याच्या उजव्या हाताची, तारा छेडणारी नखं म्हणजे घरातलं सगळ्यात लाडकं कार्टं. त्यांना तासायचं, चकचकीत ठेवायचं, पण कामाला म्हणून लावायचं नाही. बरणीचं झाकण मी उघडायचं, भांडीही मीच घासायची. "तुझं लग्न माझ्याशी झालंय की या नखांशी?" असं मी चारचौघांत विचारायचे आणि सगळं ग्रानादा शहर हसायचं.

गेल्या हिवाळ्यात संगीत विद्यालयात गिटारशिक्षकाची जागा निघाली. इतकी वर्षं फेर्मीन हॉटेलात काट्याचमच्यांच्या खणखणाटात वाजवत होता. ही जागा मिळाली तर ते सुटणार होतं, आणि त्याच्या वयाला पुन्हा संधी येणार नव्हती. परीक्षेत ट्रेमोलो सक्तीचा होता. त्यात अंगठा खालचे सूर सांभाळतो आणि तीन बोटं एकाच तारेवर इतकी भराभर पडतात की सूर तुटतच नाही. फेर्मीनच्या ट्रेमोलोवरच मी भाळले होते, खोटं कशाला बोलू.

नेमकी त्याच सुमाराला त्याची अनामिका अडखळायला लागली. तो आपल्या जुन्या गुरूंकडे, एवारिस्तोंकडे गेला. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं.

"बोट आळशी झालंय. मेट्रोनोम लाव, निम्म्या लयीत वाजव, आणि सोडू नकोस."

गिटारवाल्यांकडे प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध असतं: सावकाश, आणि आणखी. फेर्मीन सकाळपासून बसायचा. माझ्या मसुराच्या भांड्यातसुद्धा त्या लय मोजणाऱ्या यंत्राची टकटक शिजायची. बोट मात्र दिवसेंदिवस तळहातात वळत गेलं. कॉफीचा कप उचलताना, शर्टाची बटणं लावताना अगदी शहाणं. तारेवर ठेवलं की आत.

मी हट्टाने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला समोर वाजवायला लावलं.

"बोट चांगलं आहे. मेंदू चुकीचं शिकलाय," त्या म्हणाल्या. "जितकं घोटाल तितकी चूक पक्की होईल. गिटार खाली ठेवा."

"कधीपर्यंत?"

"ते नाही सांगता येत. काहींचं परत येतं, बऱ्याच जणांचं नाही."

रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "तिला काय कळतंय? तिने कधी वाजवलाय ट्रेमोलो?"

"मूर्खा, ऐक तिचं."

"परीक्षा मे महिन्यात आहे, निएवेस. आत्ता थांबलो तर उरलंसुरलंही जाईल."

मी मेट्रोनोम पिठाच्या डब्यात लपवला. तर तो पाय आपटून लय मोजायला लागला.

परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले. पहिल्या दोन रचना त्याने अशा वाजवल्या की परीक्षक लिहायचे थांबले. मग ट्रेमोलो. पहिल्याच ओळीत अनामिका मिटली. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मिटली. मग तो दोनच बोटांनी वाजवत राहिला आणि सूर लंगडत चालला. मध्येच तो थांबला, उठला, रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करून बाहेर पडला. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, फेर्मीनचा त्याहून जास्त. आळस केला असता तर त्याचं बोट वाचलं असतं.

घरी येताच तो आत गेला. मी चपला काढेपर्यंत न्हाणीघरातून नेलकटरचा आवाज आला.

स्वयंपाकघरात गेले तर तो टेबलाशी बसला होता. उजव्या हाताची नखं पार मांसापर्यंत कापलेली. हातात संत्रं. साल तुकड्यातुकड्याने निघत होती, रस मनगटावरून ओघळत होता. इतकी वर्षं मी यावरूनच टोमणे मारले होते, आणि आता मला ते बघवेना.

"दे इकडे," मी म्हटलं. "मी सोलते."

"नको," तो म्हणाला. "आता मला सोलता येईल."