रिकाम्या रकान्याचं भांडण

आमच्या धंद्यात माणसं रिकाम्या जागेवरून भांडतात. जागा जमिनीची नसते, डेटाबेसच्या टेबलातली असते. एखादा रकाना रिकामा सोडायचा की नाही, एवढ्यावरून आमच्या तिमिशोआरा शहरातल्या दोन चांगल्या मित्रांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो हसतो. मलाही पूर्वी हसू यायचं.

या भांडणातले आमचे पुढारी कॉर्नेल वर्झारू. विद्यापीठात आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, आणि नंतर मी त्यांच्याच विभागात नोकरीला लागले. रिकामा रकाना दिसला की सरांचं डोकं फिरायचं. 'माहीत नाही', 'लागू नाही' आणि 'विचारलंच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोकळीत कोंबल्या तर यंत्र कधी ना कधी दगा देणार, असं ते घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. त्यांचं बरोबर होतं. ते चुकले असते तर मी हे लिहायला बसलेच नसते.

त्यांची बायको लिजिया माझी मैत्रीण. ती शाळेत गाणं शिकवायची, शरद ऋतू आला की वांगी भाजून बरण्या भरायची, आणि आमचे वाद तिच्याच टेबलाभोवती रंगायचे. "या घरात रिकामा रकाना मीच आहे," ती पाव कापता कापता म्हणायची, "मला कुणी काही विचारतच नाही." सगळे हसायचे, सरसुद्धा. आणि पुन्हा वाद सुरू व्हायचा.

राऊल हा सरांचा लाडका विद्यार्थी. जिल्ह्यात बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू झाली तेव्हा तिचा डेटाबेस उभा करायचं काम त्याच्याकडे आलं. पद्धत साधी होती. पहिल्या तपासणीत काही संशय आला तर दुसऱ्या तपासणीचं पत्र घरी यायचं. पत्र आलं नाही तर काळजी नाही, असं पत्रकावरच छापलेलं होतं.

आराखड्याच्या बैठकीत सर आणि राऊल समोरासमोर बसले होते.

"दुसऱ्या तपासणीच्या टेबलात बाईचा ओळख-नंबर रिकामा चालतो, असं तू लिहिलंयस," सर म्हणाले. "नंबर नसलेली बाई म्हणजे कोण रे? भूत?"

"सर, खेड्यातल्या नर्सकडे कधी कधी नंबर नसतो. म्हणून नोंदच नको का घ्यायला?"

"घे की. वेगळ्या टेबलात घे. अर्धवट माणसांची पूर्ण माणसांशी सरमिसळ करू नकोस."

"त्याला दोन महिने जास्त लागतील. जिल्हा आरोग्य कार्यालय माझी चामडी सोलेल."

"मग सोलून घे. मी शिकवलं ते काय परीक्षेपुरतं होतं?"

"सर, तुमची टेबलं फार सुंदर असतात," राऊल हळूच म्हणाला, "पण त्यात माणसं नसतात."

हे बोलायला नको होतं. सरांनी कागद गोळा केले, टोपी घातली आणि ते निघून गेले. काम राऊलच्या पद्धतीने झालं.

तरी त्या पोरानं माघार घेतली, हे सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये त्यानं आपली मुख्य क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा लेखी प्रश्न, सरांकडे पाठवली. सोबत लिहिलं होतं, 'राग सोडा, एकदा नजर टाका.' मी तेव्हा सरांच्या खोलीतच होते. सरांनी वाचलं, चष्मा वर सरकवला आणि ते गालातल्या गालात हसले.

"काय हो सर?"

"काही नाही. पायाच चुकलाय, मी रंग कसला तपासू?"

उत्तर त्यांनी पाठवलं नाही. रुसलेत, म्हटलं. म्हातारी माणसं रुसतातच. मीही कॉफी संपवली आणि तासाला गेले.

ऑक्टोबरात आमचं वार्षिक सेमिनार झालं. सरांनी पडद्यावर एक क्वेरी लावली. कुणाची ते सांगितलं नाही, पण राऊलचा चेहरा पाहून सगळ्यांना कळलं. संशय असलेल्या बायकांपैकी ज्यांचा नंबर दुसऱ्या तपासणीच्या टेबलात नाही त्या शोध, म्हणजे त्यांना पत्र जाईल, एवढंच ती यंत्राला सांगत होती.

"आता त्या टेबलात नंबर नसलेली एकच नोंद येऊ द्या," सर म्हणाले. "यंत्राला विचारा, ही बाई येऊन गेली का? यंत्र म्हणेल, ती बिननंबराची कदाचित हीच असेल, मला सांगता येत नाही. आणि जिथे सांगता येत नाही तिथे ते गप्प बसतं. प्रत्येक बाईच्या बाबतीत गप्प. मग एकही पत्र निघत नाही, आणि साहेब लोक म्हणतात, वा, सगळ्या येऊन गेल्या."

सभागृहात हशा पिकला. टाळ्या पडल्या. सरांना इतकं खूश मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. राऊल मधेच उठून बाहेर गेला तेव्हा मागे कुणीतरी 'पळाला' म्हणालं.

तो पळाला नव्हता. तो कार्यालयात जाऊन टेबल तपासत होता. एका खेड्यातल्या दवाखान्यानं वसंतात खरोखरच बिननंबराची नोंद टाकली होती. त्यानंतर पत्र असं एकही गेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कार्यालयाची पाठ थोपटली गेली होती. राऊलनं क्वेरी दुरुस्त करून चालवली. राहून गेलेल्या बायकांची नावं आली. त्यात लिजिया वर्झारू होती.

तिला पत्र आलं नव्हतं, म्हणून तिला काळजी नव्हती.

वसंतात हे किरकोळ काम होतं, असं डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात म्हणाल्या. आता पसरलं होतं. पोट उघडलं आणि फारसं काही न करता पुन्हा शिवलं. मला कुणालातरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि कुणाला ते कळत नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर राऊल फुलं घेऊन आला. सर खुर्चीत होते, मी खिडकीशी. तो पलंगापाशी उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बाई, चूक माझी आहे. सरांनी मला आधीच बजावलं होतं."

"काय बजावलं होतं?" लिजियानं विचारलं. तिला तोवर एवढंच माहीत होतं की कॉम्प्युटरचा काहीतरी घोळ झाला.

राऊल फुलं ठेवायला जागा शोधू लागला. पण सरांच्या समोर प्रश्न पडला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना कधी राहवलं आहे? त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. बिननंबराची नोंद, यंत्राचं गप्प बसणं, न गेलेली पत्रं. अगदी सोपं करून, वर्गात सांगायचे तसं. सांगता सांगता ते ताठ बसले.

"क्वेरी बघताक्षणी माझ्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "एप्रिलमध्येच."

राऊलनं चमकून वर पाहिलं.

"एप्रिलमध्ये," लिजिया म्हणाली.

"हो."

"मग राऊलला सांगितलं का नाहीस?"

सरांचा हात पलंगाच्या चादरीवर होता, तो त्यांनी मागे घेतला.

"सेमिनार ऑक्टोबरात होतं," ते म्हणाले.

लिजिया माझ्याकडे वळली.

"ओतिलिया, याला घरी सोड. आणि राऊल, तू बस जरा."